बहात्तरास एक

दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात. बुरुजाला टेकलेला मावळा बुरुजाएवढा असतो, पायथ्याच्या विहिरीत म्हैस मावत नाही आणि अळीव पेरून उगवलेलं गवत सिंहासनाच्या कमरेपर्यंत येतं. हे कुणालाच खटकत नाही, कारण तिथे उंची मापाने ठरत नाही, मानाने ठरते. हाच किल्ला करणारे हात मोठे झाल्यावर कधीतरी एखाद्या जुन्या विज्ञानकथेतला प्रसंग टेबलावर उभा करायला घेतात, आणि पहिला अडथळा येतो तो प्रमाणाचा.

विज्ञानकथेचा देखावा शून्यातून करायचा, म्हणजे बाजारचं किट आणून सुटे भाग चिकटवायचे नाहीत. पुठ्ठा, तार, गोळ्यांची रिकामी पाकिटं, संपलेल्या रिफिली, आइस्क्रीमच्या काड्या हा कच्चा माल. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कसारख्या वस्तीत तो चालत्या अंतरावर मिळतो: मोबाइल दुरुस्तीवाल्याकडची निकामी सर्किटं, शिंप्याकडची बटणं, हार्डवेअरच्या दुकानातली बांधणीची तार आणि एम-सील. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या आरासकारांना पुठ्ठ्याकडे, कागदाच्या लगद्याकडे वळावं लागलं. छोटा देखावा करणाऱ्यांचा त्यात तोटा झाला नाही. थर्माकोलचे दाणे सुटतात आणि स्प्रेच्या रंगाने तो विरघळतो. पुठ्ठा मात्र कडक धार धरतो.

‘डायोरामा’ हा शब्द पॅरिसचा. १८२२ साली लुई दागेर आणि शार्ल बूतों यांनी तिथे प्रचंड अर्धपारदर्शक पडदे रंगवले. त्यांच्यावर मागून-पुढून प्रकाश खेळवून ते सकाळची संध्याकाळ करून दाखवत. पुढे शब्द आकसला आणि पेटीतल्या, काचेआडच्या देखाव्यांना चिकटला. मुंबईत ते पाहायचे तर भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावं. १८७२ साली लोकांसाठी उघडलेल्या या वास्तूत मुंबईकरांचे पोशाख आणि धंदे दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, देखावे आहेत. हाताच्या बोटांएवढ्या माणसांत पागोट्याचा पीळ कसा दाखवायचा, याचा धडा तिथे काचेतून घेता येतो.

आता गोष्ट कुठली निवडायची? ज्यूल व्हर्न मराठीला परका नाही. १९०० साली ‘केरळ कोकिळ’ मासिकातून त्याची चंद्रावरची सफर क्रमशः मराठीत आली, आणि पुढे भा. रा. भागवतांनी त्याच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. देखावेवाल्यांचा लाडका प्रसंग म्हणजे ‘नॉटिलस’ पाणबुडी आणि तिला विळखा घालणारा महाकाय जलचर. जगभर तो शेकडो टेबलांवर होऊन गेला आहे. मराठी माणसाला जवळचं असलेलं व्हर्नचं यंत्र मात्र दुसरंच, आणि ते जमिनीवर चालतं.

१८८० च्या ‘वाफेचं घर’ या कादंबरीत एक पोलादी हत्ती आहे. पोटात बॉयलर, उंचावलेल्या सोंडेतून धूर, पाठीवर मनोरा आणि मागे चाकांवरचे दोन बंगले. बंगल्यांत बसून काही युरोपीय मंडळी १८६७ साली कलकत्त्याहून हिमालयाकडे निघतात. त्यांच्यातल्या एका कर्नलला सत्तावनच्या उठावातल्या कानपूरचा सूड घ्यायचा आहे, आणि कथेचा खलनायक आहे नानासाहेब पेशवे. १८५९ नंतर नानासाहेब इंग्रजांच्या हाती कधी लागले नाहीत. व्हर्नने त्याच पोकळीत आपली कथा रचली. भारतात तो स्वतः कधी आला नव्हता. अखेरीस बॉयलर फुटतो, हत्तीच्या चिंधड्या होतात आणि कथेतले नानासाहेबही त्यात संपतात.

रस्त्यावर वाफेने चालणाऱ्या यंत्राची ही कल्पना अगदीच हवेतली नव्हती. १८७० च्या दशकात आर. ई. बी. क्रॉम्प्टन या लष्करी अधिकाऱ्याने पंजाबातल्या रस्त्यांवर रबरी धावांच्या वाफेच्या गाड्या चालवून पाहिल्या होत्या. देखावा करणाऱ्याला असे आधार लागतात. बॉयलर कुठे, भट्टीचं दार कुठे, कोळसा घालणारा उभा कुठे राहील, वाफ जास्त झाली तर ती कुठून सुटेल, हे ठरल्याशिवाय हत्तीच्या पोटावर एकही पत्रा चढत नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या कारागिरांनी रणगाड्यांच्या किटमधले भाग अंतराळयानांवर चिकटवून ती खरी भासवली, तेव्हापासून मिळेल ते चाक कुठेही डकवायची चटक नवशिक्यांना लागली आहे. घड्याळाचं चक्र शोभेला लावलं की जाणकाराची नजर तिथेच अडते. या चक्राला फिरवतंय कोण?

मग येतो हिशोब. व्हर्नचा हत्ती वीस फूट उंच, तीस फूट लांब. १:३५ प्रमाणात तो साडेसतरा सेंटिमीटर उंच आणि सव्वीस सेंटिमीटर लांब होतो. मागे दोन बंगले जोडले की गाडी वन बीएचकेच्या शोकेसमधून बाहेर येते. १:७२ घेतलं तर उंची साडेआठ, लांबी पावणेतेरा सेंटिमीटर. सगळा लवाजमा टीव्हीखालच्या फळीवर बसतो. त्याची किंमत माणसं मोजतात: पाच फूट आठ इंचांचा गडी २.४ सेंटिमीटरवर येतो. अडीच सेंटिमीटर रुंद डोक्याचा रिव्हेट ०.३५ मिलिमीटरचा होतो. टूथपिकच्या टोकाने फेविकॉलचा ठिपका ठेवायचा, तो सुकून आकसला की रिव्हेट तयार. असे शेकडो. डोळ्यांत ३ मिलिमीटरचा एलईडी बसवला, तर या दुनियेत तो जवळपास बावीस सेंटिमीटरचा कंदील ठरतो आणि शोभतो. ५ मिलिमीटरचा घेतला की हत्तीचे डोळे बटाट्यासारखे दिसतात.

सांगाडा तारेचा, त्यावर चुरगळलेल्या फॉइलचं मांस, वर एम-सीलची कातडी. ते दगडासारखं झालं की व्हिजिटिंग कार्डाचे तुकडे कौलांसारखे एकावर एक. रंगाची पहिली पुटं बसल्यावर काळपट तपकिरी पातळ पाणी फटींत सोडायचं, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवरून हात फिरवायचा. कार्डाचं पोलाद होतं ते या शेवटच्या फेरीत.

खरी पंचाईत याच्या नंतर सुरू होते. देखाव्याला पुढची बाजू असते. बघणारा कुठे उभा राहणार ते करणाराच ठरवतो. पाहणाऱ्याची नजर बंगल्याच्या व्हरांड्यात ठेवली, तर समोरचं जंगल म्हणजे धोका, आणि त्यातून येणारे नानासाहेब म्हणजे राक्षस. व्हर्नच्या पुस्तकाला जोडलेली चित्रंही गोष्टीबरोबर त्याच गाडीतून प्रवास करतात. पण तळपाट अर्ध्या वळणाने फिरवला, पुढच्या काठाला साल-बांबूची दाटी केली आणि हत्तीला तिच्यापलीकडे ठेवलं, की बघणारा आपोआप झुडपांत दडून बसतो आणि धूर ओकणारं ते धूड त्याच्या अंगावर येतं. एकही ओळ न बदलता कादंबरी दुसऱ्याच माणसाची होते.

याच व्हर्नने १८७४-७५ च्या ‘गूढ बेटा’त ‘नॉटिलस’च्या कॅप्टन नेमोला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, म्हणजे सत्तावनच्या उठावातला लढवय्या करून टाकलं होतं. मुळात नेमो रशियावर चिडलेला पोलिश सरदार असावा असं त्याच्या मनात होतं. रशियातला खप बुडेल या भीतीने प्रकाशक एत्झेलने ते होऊ दिलं नाही. सत्तावनचा एक बंडखोर व्हर्नच्याच लेखणीतून नायक झाला आणि पाच वर्षांनी दुसरा खलनायक. बंगल्याच्या आतल्या भिंतीवर नखाएवढं नेमोचं चित्र लावायचा मोह मराठी कारागिराला झाला, तर तो समजण्यासारखा आहे.

व्हर्नच्या जन्मगावी, नांत शहरात, २००७ पासून एक खरा यांत्रिक हत्ती लोकांना पाठीवर घेऊन फिरतो. बारा मीटर उंच, सुमारे अठ्ठेचाळीस टन. १:७२ मध्ये तो साडेसोळा सेंटिमीटरच्या वर जातो, म्हणजे कादंबरीतल्या हत्तीच्या जवळजवळ दुप्पट.

बेव्हर्ली पार्कच्या फळीवरचा हत्ती इतका मिरवत नाही. त्याचा शत्रू वेगळा आहे. शहराच्या कडेला खाडी आहे, मिठागरं आहेत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाऱ्यातला खारेपणा खिडकीच्या गजांवर हाताला लागतो. एक-दोन पावसाळे गेले की आतली तार गंजते आणि रंगवलेल्या गंजाशेजारी खरा गंज झिरपून वर येतो. पहिल्यांदा तो झकास दिसतो. मग सोंड वाकते. म्हणून फॉइल गुंडाळण्याआधी तारेला नेलपॉलिशचे दोन हात द्यायचे, टोकांसकट, आणि रात्रभर पंख्याखाली सुकू द्यायचं.