मापाची सायकल आणि दूरदेशचे शागिर्द

आपल्यापैकी बहुतेकांनी सायकल शिकली ती आपल्या मापाची नसलेलीच. वडिलांची, काकांची किंवा तासाच्या भाड्याने आणलेली. दांडीवरून पाय पुरत नसे, म्हणून दांडीखालून पाय घालून, अंग वाकडं करून अर्धं पायडल मारत गल्लीभर फिरायचं. सायकल कारखान्यातून ठरलेल्या एक-दोन मापांत यायची आणि जुळवून घ्यायचं काम माणसाकडे असायचं. म्हणूनच शिंप्याने सदऱ्यासाठी मापं घ्यावीत तशी माणसाची मापं घेऊन सायकल बांधणारे कारागीर जगात आहेत, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं.

इटली, इंग्लंड, फ्रान्स, जपान, अमेरिका अशा देशांत हे कारागीर आहेत. बहुतेक ठिकाणी एकटा माणूस किंवा दोघे-तिघे, आणि एक लहानशी कार्यशाळा. गिऱ्हाईक आलं की त्याचे पाय, धड, हात मोजायचे. तो सायकल कुठे चालवणार, किती लांब जाणार, सोबत किती ओझं नेणार हे विचारायचं. त्यावरून फ्रेमचा आराखडा काढायचा आणि मग नळ्या कापायला घ्यायच्या.

यातलं एक माप तुम्हीही घरी घेऊ शकता. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर धरा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. अंतर ८० सेंटिमीटर असेल तर उत्तर साधारण ७०.६ येईल. पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर असावं, असा हा ठोकताळा. अमेरिकेचा सायकलपटू ग्रेग लेमाँड याने तो लोकप्रिय केला. टूर द फ्रान्स तीनदा जिंकणारा हा खेळाडू सिरिल गिमार या फ्रेंच प्रशिक्षकाच्या संघात घडला. सीट फार खाली असेल तर प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जादा ताण येतो. 'सायकल चालवली की गुडघे दुखतात' म्हणणाऱ्यांनी दवाखान्याआधी एकदा सीटची उंची पाहायला हरकत नाही.

आता फ्रेम कशी बांधतात ते पाहू. चांगल्या पोलादी फ्रेमची नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. जोडाजवळ ताकद हवी आणि मधलं वजन कमी व्हावं, यासाठी ही युक्ती. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. याच कंपनीची '५३१' ही नळी १९३५ मध्ये आली आणि कित्येक दशकं शर्यतीच्या सायकलींत ती मानाची मानली गेली. नळ्या जिथे एकत्र येतात तिथे 'लग' नावाचा पोलादी सांधा बसवतात. मग ज्योतीने जोड तापवून त्यात पितळ किंवा चांदीमिश्रित धातू उतरवतात. पोलाद वितळू द्यायचं नसतं. पितळ पातळ होऊन दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं बारीक फटीत शिरतं. उष्णता कमी पडली तर जोड कच्चा राहतो, जास्त झाली तर नळी कमजोर होते. नेमकी वेळ कारागीर तापलेल्या धातूच्या रंगावरून ओळखतो.

हा रंग पुस्तकातून कळत नाही. त्यासाठी उस्तादाच्या शेजारी उभं राहावं लागतं. म्हणून या कामाची गोष्ट प्रत्येक देशात उस्ताद आणि शागिर्दांची आहे, आणि पुष्कळदा शागिर्द परदेशातून आलेला आहे.

जपानचे योशिआकी नागासावा हे त्यातलं मोठं नाव. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते इटलीत गेले. मिलानमध्ये सांते पोल्यागी यांच्याकडे आणि नंतर उगो दे रोजा यांच्याकडे ते काम शिकले. पोल्यागी ट्रॅकवरच्या सायकलींसाठी प्रसिद्ध होते, तर दे रोजा साक्षात एडी मर्क्सच्या सायकली बांधत होते. काही वर्षांनी नागासावा मायदेशी परतले आणि ओसाकाजवळ त्यांनी आपली कार्यशाळा थाटली. जपानात १९४८ पासून 'केरिन' ही ट्रॅकवरची व्यावसायिक शर्यत चालते. तिथले खेळाडू आपल्या मापाच्या पोलादी फ्रेम बांधून घेतात. नागासावांनी ज्यांच्यासाठी सायकली बांधल्या त्यांत कोइची नाकानो होते. नाकानो यांनी १९७७ ते १९८६ अशी सलग १० वर्षं व्यावसायिक स्प्रिंटचं जगज्जेतेपद मिळवलं.

त्याच सुमारास लंडनच्या डेप्टफर्ड भागातल्या विटकॉम्ब या सायकलवाल्यांकडे अमेरिकेहून काही तरुण शिकायला आले. रिचर्ड सॅक्स, पीटर वायगल आणि बेन सेरोटा ही तिघांची नावं पुढे अमेरिकेतल्या नामांकित फ्रेम बांधणाऱ्यांत गणली गेली. सॅक्स यांनी १९७५ मध्ये स्वतःच्या नावाने काम सुरू केलं. त्यांच्या सायकलसाठी गिऱ्हाइकांनी कित्येक वर्षं थांबायची तयारी ठेवली. तरीही त्यांनी स्वतः आखलेले लग इतर कारागिरांना विकायला ठेवले. इटलीचे दारियो पेगोरेत्ती यांच्याबरोबर मिळून त्यांनी खास नळ्या तयार करवून घेतल्या, त्याही सगळ्यांना खुल्या ठेवल्या. पेगोरेत्ती हे काम आपल्या सासऱ्यांकडे शिकले होते. जपानचे कोइची यामागुची अमेरिकेत स्थायिक झाले आणि तिथे फ्रेम बांधायचे वर्ग घेऊ लागले.

विचार केला तर प्रत्येक उस्ताद आपल्या हाताने एक नवा स्पर्धक घडवत होता. हुन्नर घरातच ठेवावा, मुलाला द्यावा, फार तर जावयाला, ही रीत आपल्यालाही अनोळखी नाही. पुढे शर्यतीच्या सायकली ॲल्युमिनियमच्या आणि मग कार्बनच्या झाल्या, उत्पादन मोठ्या प्रमाणावर तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांत गेलं. युरोपातल्या अनेक जुन्या कार्यशाळा बंद पडल्या. पोलादी फ्रेमचं काम तरीही टिकलं, याचं एक मोठं कारण म्हणजे तोवर ते अनेक देशांतल्या हातांत पोचलं होतं. २००५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला हाताने बांधलेल्या सायकलींचं प्रदर्शन भरलं, २०११ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला तसंच दुसरं सुरू झालं. अशा ठिकाणी कारागीर शेजारी शेजारी मांडणी करतात आणि एकमेकांचे जोड निरखून पाहतात.

ही देवाणघेवाण पोलादापुरती राहिली नाही. कॅलिफोर्नियाचे क्रेग कॅल्फी बांबूच्या फ्रेम बांधतात. बांबूचे तुकडे जुळवून सांध्यावर धागे गुंडाळायचे आणि ते राळेत भिजवून कडक करायचे, अशी ती पद्धत. ज्योतीची गरज नाही, महागडी यंत्रं नकोत. घानात त्यांनी हे काम शिकवायला मदत केली आणि आज तिथे स्थानिक कारागीर बांबूच्या सायकली बनवतात. पुण्यातही बांबूच्या सायकली बांधल्या गेल्या आहेत.

मापाची सायकल घेणं आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशाला परवडणारं नाही. पण त्या कामाचं मूळ कसब आपल्या गावात आहे. चौकातला मिस्त्री चाक फिरवून, ब्रेकच्या रबराजवळ नजर लावून आउट काढतो. कुठला आरा किती कसायचा ते बोटांना कळतं. वाकलेला फोर्क तो सरळ करतो, तुटलेली पोलादी फ्रेम जोडून देतो. त्याच्या दुकानात हिंदूची सायकल, मुसलमानाची सायकल असा फरक कधी झाला नाही. मात्र त्याच्या हाताखाली आता पोरगं दिसत नाही. त्याचा स्वतःचा मुलगाही दुसऱ्या कामाला लागलेला असतो. हे कसब त्याच्याबरोबर थांबलं, तर ते परत आणायला आपल्याला कुठल्या मिलानला जाता येणार नाही.

माळ्यावर पडलेली जुनी पोलादी सायकल भंगारात देण्याआधी एकदा त्याच्याकडे घेऊन जा. घरात हाताने काही करण्याची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर सुट्टीत महिनाभर त्याच्या दुकानात बसवा. शिकवणीची फी आपण देतोच, तशी त्यालाही द्या, आणि ती देताना त्याला उस्ताद म्हणा.