आमदार ते खासदार: इम्तियाज जलील यांच्या दहा वर्षांच्या प्रवासातून आपण काय समजून घ्यावं?

'आमदार मोठा की खासदार मोठा?' नागरिकशास्त्राच्या तासाला हा प्रश्न हमखास येतो. पुस्तकातलं उत्तर सोपं आहे: एक राज्याच्या कायदेमंडळात बसतो, दुसरा देशाच्या. पण आमदारकीवरून खासदारकीकडे जाणाऱ्या माणसाला वाटेत काय काय लागतं, तिथे पोचून टिकणं इतकं अवघड का असतं, हे पुस्तकात नाही. त्यासाठी आपल्या राज्यातलंच एक उदाहरण बघू. औरंगाबादचे माजी आमदार, माजी खासदार आणि एमआयएमचे प्रदेशाध्यक्ष इम्तियाज जलील.

कोणी त्यांचे समर्थक असतील, कोणी कट्टर विरोधक. हा लेख दोघांसाठीही आहे, कारण इथे कौतुक किंवा टीका करायची नाही. आकडे समोर ठेवून हिशेब समजून घ्यायचा आहे. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. निवडणुकीच्या नोंदीत मतदारसंघांची नावं औरंगाबाद अशीच आहेत, म्हणून लेखात तीच वापरली आहेत.)

२०१४: पत्रकार आमदार होतो

जलील मूळचे पत्रकार. एनडीटीव्हीसाठी त्यांनी बातमीदारी केली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ते राजकारणात उतरले आणि औरंगाबाद मध्य मतदारसंघातून एमआयएमचे उमेदवार झाले.

त्या वर्षी एक मोठी गोष्ट घडली होती. शिवसेना-भाजपची पंचवीस वर्षांची युती तुटली होती आणि काँग्रेस-राष्ट्रवादीही वेगवेगळे लढत होते. औरंगाबाद मध्यमध्ये जलील यांना सुमारे ६१ हजार ८०० मतं मिळाली. शिवसेनेचे प्रदीप जैस्वाल ४१ हजारांच्या पुढे आणि भाजपचे किशनचंद तनवाणी ४० हजारांच्या पुढे थांबले. म्हणजे सेना आणि भाजपची बेरीज ८० हजारांवर जात होती, पण ती दोन ठिकाणी वाटली गेली. जलील जवळपास २० हजारांनी जिंकले. त्याच निवडणुकीत भायखळ्यातून वारिस पठाण निवडून आले आणि एमआयएमने महाराष्ट्र विधानसभेत पहिल्यांदा पाऊल ठेवलं. पुढच्याच वर्षी औरंगाबाद महापालिकेत पक्षाचे २५ नगरसेवक निवडून आले.

हा मुद्दा लक्षात ठेवा: पहिला विजय बहुरंगी लढतीतला होता.

२०१९: वरची पायरी

आमदारकीचा मतदारसंघ आणि खासदारकीचा मतदारसंघ यात फरक किती? महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा आहेत आणि लोकसभेच्या ४८. म्हणजे एका खासदाराच्या क्षेत्रात सहा आमदारांची क्षेत्रं येतात. औरंगाबाद लोकसभेत औरंगाबाद मध्य, पूर्व, पश्चिम या शहराकडच्या तीन जागा आहेत आणि कन्नड, गंगापूर, वैजापूर या ग्रामीण भागातल्या तीन. शहरात मोहल्ला सभा घेऊन, गल्लीबोळात फिरून आमदार होता येतं. पण कन्नडच्या शेतकऱ्याला आणि वैजापूरच्या मतदाराला तुम्ही कोण, हे सांगायला वेगळी ताकद लागते.

ही ताकद २०१९ ला आली ती आघाडीतून. प्रकाश आंबेडकर यांच्या वंचित बहुजन आघाडीसोबत एमआयएमने हातमिळवणी केली. दलित आणि मुस्लिम मतं एकत्र आणायची, असा तो प्रयोग होता. राज्यभरात वंचितच्या इतर उमेदवारांना यश आलं नाही, औरंगाबादेत मात्र आलं. निकाल असा लागला:

- इम्तियाज जलील (एमआयएम): ३,८९,०४२
- चंद्रकांत खैरे (शिवसेना): ३,८४,५५०
- हर्षवर्धन जाधव (अपक्ष): २,८३,७९८
- सुभाष झांबड (काँग्रेस): ९१,७८९

फरक फक्त ४,४९२ मतांचा. १९९९ पासून सलग चार वेळा जिंकलेले खैरे पडले. हर्षवर्धन जाधव हे शिवसेनेचे माजी आमदार होते. मराठा आरक्षणाचा मुद्दा घेऊन ते अपक्ष उभे राहिले आणि पावणेतीन लाखांच्या वर मतं घेऊन गेले. ती मतं त्यांनी घेतली नसती तर निकाल वेगळा असता, हे उघड आहे. पण वंचितची साथ नसती तर जलील तीन लाख ८९ हजारांपर्यंत पोचले असते का, हाही प्रश्न तितकाच खरा. दोन्ही गोष्टी एकदम जुळून आल्या.

इथे थोडा कायदा समजून घेऊ

आमदार असताना लोकसभा लढवायला राजीनामा द्यावा लागत नाही. पण जिंकल्यावर दोन्हीकडे बसता येत नाही. संविधानाच्या कलम १०१ आणि १९५० च्या नियमांनुसार, निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांत आमदारकीचा राजीनामा दिला नाही तर खासदारकीच रिकामी होते. म्हणजे कायदा वरची खुर्ची काढून घेतो, खालची नाही! मुलांना हे सांगितलं की ती हसतात, पण नियम असाच आहे.

मग रिकाम्या झालेल्या आमदारकीचं काय? सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. मात्र मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर ती घेण्याचं बंधन नसतं. २०१९ ला विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरमध्येच होती, त्यामुळे औरंगाबाद मध्यची जागा थेट त्या निवडणुकीत भरली गेली. तिथे एमआयएमचा नवा उमेदवार पडला आणि जैस्वाल परत आले. नेता वर गेला, पण खालची पायरी हातातून सुटली. हे नुकसान निकालाच्या गुलालात कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्याच सुमारास, सप्टेंबर २०१९ मध्ये, जागावाटपावरून वंचित आणि एमआयएमची आघाडीही तुटली. जिच्या जोरावर खासदारकी मिळाली ती साथ निकालानंतर सहा महिनेसुद्धा टिकली नाही.

खासदार म्हणून

पाणी, कचरा, पोलीस, शाळा हे विषय राज्याकडे आणि महापालिकेकडे असतात. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, विमानतळ, केंद्राचे कायदे हे दिल्लीत ठरतात. पण लोकांच्या अपेक्षा काही याद्या बघून येत नाहीत. नळाला पाणी आलं नाही तरी खासदारालाच फोन जातो.

जलील यांच्या खासदारकीतल्या तीन गोष्टी जास्त गाजल्या. डिसेंबर २०२१ मध्ये मुस्लिम आरक्षण आणि वक्फ जमिनींच्या प्रश्नावर त्यांनी औरंगाबादहून मुंबईला तिरंगा रॅली नेली. पार्श्वभूमी अशी की २०१४ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने मुस्लिमांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला होता. उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात शिक्षणातलं आरक्षण थांबवलं नव्हतं, पण नंतरच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही. मार्च २०२३ मध्ये शहराच्या नामांतराविरुद्ध त्यांनी साखळी उपोषण केलं. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत महिला आरक्षणाचं विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं, तेव्हा विरोधातली दोन मतं असदुद्दीन ओवैसी आणि जलील यांची होती. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी त्यात वेगळा वाटा नाही, हे त्यांचं कारण होतं.

या भूमिकांमुळे त्यांचा पाठीराखा मतदार घट्ट झाला. पण ग्रामीण भागातला, वेगळ्या समाजाचा मतदार त्यातून जोडला गेला का? नामांतराच्या मुद्द्यावर तर शहर सरळ दोन बाजूंना उभं होतं. ज्याला एका विधानसभेतून सहा विधानसभांपर्यंत जायचंय त्याच्यापुढचा हाच खरा पेच. आपल्या लोकांसाठी ठाम बोलायचं आणि बाकीच्यांनाही आपलंसं वाटायचं, दोन्ही एकाच वेळी.

२०२४: दोन पराभव, दोन वेगळे धडे

लोकसभेला पुन्हा तिरंगी लढत झाली. शिंदे गटाच्या शिवसेनेचे संदिपान भुमरे ४,७६,१३० मतं घेऊन जिंकले. जलील यांना ३,४१,४८० आणि ठाकरे गटाचे खैरे यांना २,९३,४५० मतं पडली. फरक १,३४,६५० चा.

आता बघा, शिवसेना फुटली होती, दोन सेना समोरासमोर होत्या. २०१४ चा हिशेब लावला तर फायदा जलील यांना व्हायला हवा होता. झाला नाही. हर्षवर्धन जाधव पुन्हा उभे होते, पण त्यांची मतं चाळीस हजारांच्या आसपास आली. आधी तिकडे गेलेली बरीचशी मतं मोठ्या पक्षांकडे परतली, असं आकडे सुचवतात. जलील यांची स्वतःची मतंही सुमारे साडेसत्तेचाळीस हजारांनी घटली. वंचितने अफसर खान यांना उभं केलं होतं, त्यांना सुमारे ६९ हजार मतं मिळाली. ती सगळीच्या सगळी जलील यांच्या पारड्यात टाकली तरी फरक भरून निघत नाही. म्हणून 'वंचितमुळे पडले' हे चहाच्या टपरीवरचं उत्तर अर्धंच खरं आहे.

नोव्हेंबरमध्ये ते विधानसभेला औरंगाबाद पूर्वमधून उभे राहिले. त्याआधी महाविकास आघाडीत सामील होण्याचा प्रस्ताव त्यांनी जाहीरपणे दिला होता, तो पुढे सरकला नाही. भाजपचे अतुल सावे यांना ९३,२७४ मतं पडली, जलील यांना ९१,११३. फरक २,१६१. इथे समाजवादी पक्षाचे गफ्फार कादरी आणि वंचितचे अफसर खान यांना प्रत्येकी या फरकापेक्षा जास्त मतं मिळाली. काँग्रेसचा उमेदवार वेगळा होताच. लोकसभेला जे स्पष्टीकरण पुरत नव्हतं, ते इथे पुरतं. प्रत्येक पराभवाला एकच कारण चिकटवू नये, ते यासाठी.

दोन रस्ते होते, दोन्ही अडले

हा एका नेत्याचाच मसला असता तर इतकं लिहायचं कारण नव्हतं. जलील २०१९ ला जिंकले तेव्हा महाराष्ट्रातून पंधरा वर्षांनी मुस्लिम माणूस लोकसभेवर गेला होता. त्याआधी २००४ ला बॅरिस्टर ए. आर. अंतुले कोकणातून निवडून आले होते. १९६२ ला आमदार, १९८० ला मुख्यमंत्री, पुढे चार वेळा लोकसभा, केंद्रात मंत्री, अशी त्यांची चढण होती. त्यांचा रस्ता होता मोठ्या पक्षाचा. मतदारसंघात मुस्लिम बहुसंख्य नव्हते. काँग्रेसचं तिकीट, कोकणातलं काम आणि सगळ्या समाजांची मतं यावर ते जिंकत. २००९ ला तेही पडले.

जलील यांचा रस्ता वेगळा. स्वतःचा पक्ष, स्वतःचा ठाम आवाज आणि जोडीला एक मित्रपक्ष.

२०२४ च्या लोकसभेत पहिला रस्ता बंद राहिला, कारण महायुती आणि महाविकास आघाडी या दोघांनीही ४८ पैकी एकाही जागी मुस्लिम उमेदवार दिला नाही. दुसऱ्या रस्त्यावर मित्रपक्ष उरला नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिम साडेअकरा टक्के आहेत. लोकसभेत महाराष्ट्रातून आज एकही नाही, आणि विधानसभेत २८८ पैकी १०. राज्यसभेवर इम्रान प्रतापगढी महाराष्ट्रातून गेले आहेत, पण राज्यसभेचा सदस्य आमदार निवडतात, जनता नाही.

मतांना किंमत नाही असं मात्र नाही. धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या आणि त्यांना एकट्या मालेगाव मध्यने जवळपास १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली. आपलं मत खासदार ठरवू शकतं, हे तिथे दिसलं. पण ठरवणं आणि स्वतः उभं राहून निवडून येणं यात अंतर आहे.

टीकाकार म्हणतात एमआयएम मतं फोडते. पक्ष म्हणतो, आम्हाला सोबत घ्यायला कोणी तयार नाही, मग दोष आमचाच का? या वादात कोण बरोबर ते वाचकांनी ठरवावं. आकडे एवढंच सांगतात की समोरच्यांची फूट तुम्हाला एकदा खुर्चीवर बसवू शकते, पण त्या खुर्चीवर पाच वर्षांनी पुन्हा बसायचं तर स्वतःची बेरीज वाढवावी लागते. ती शहराबाहेर, आपल्या मोहल्ल्याबाहेर जाऊनच वाढते. कोणत्याही पक्षाचा, कोणत्याही समाजाचा उमेदवार घ्या, हा हिशेब बदलत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणी आमदार 'आता दिल्ली' म्हणत दारात आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. तुमच्या सहा विधानसभांपैकी किती ठिकाणी तुमचं वर्षभर काम चालतं? तुमच्यासोबत दुसरा कोण उभा आहे, आणि निकालानंतरही तो राहील का? आणि तुम्ही वर गेलात तर इथली जागा कोण सांभाळणार? उत्तरं ऐका, मग मत द्या. आणि हो, मतदार यादीत आपलं आणि घरातल्या अठरा वर्षांच्या मुला-मुलींचं नाव आहे का ते आजच तपासा, नसेल तर फॉर्म ६ भरा. २,१६१ चा फरक हा काही फार मोठा आकडा नाही. आठ-दहा मोठ्या शाळांच्या हजेरीपटांत मिळून याहून जास्त नावं असतात.