आगीचा बंदोबस्त व घरचीं दप्तरें

आष्टा (ता. वाळवा, जि. सांगली) येथें किंवा तशाच गांवीं ज्यांच्या घरीं जुन्या कागदांचे रुमाल आहेत, त्यांनीं आगीचा बंदोबस्त कोणाच्या शिरीं आहे हें जाणणें अगत्याचें आहे.

मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्यानें (१९०१) आग विझविणें व त्या वेळीं जीवित-वित्त रक्षिणें हें नगरसंस्थेचें कर्तव्य ठरविलें. नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमांतही तें कायम आहे. परंतु हें कर्तव्य आग लागल्यानंतरचें होय.

आग लागूं न देण्याचा भार कौटिल्यानें घरधन्यावरच ठेविला. ग्रीष्मांत दिवसाच्या मधल्या दोन प्रहरीं अग्नि पेटविल्यास पणाचा अष्टमांश दंड; पांच घागरी, शिडी, परशु, चामड्याची पखाल इत्यादि साहित्य घरीं न ठेविल्यास पाव पण. जळत्या घराकडे न धांवणाऱ्या मालकास १२ पण, भाडेकऱ्यास ६ पण.

महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक अधिनियमही, त्याच्या कक्षेंतील इमारतींपुरता, मालक व भोगवटादार यांसच जबाबदार धरतो. यंत्रणा सुस्थितींत असल्याचा दाखला जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावा लागतो.

संग्राहकांस यांतून एक बोध घेण्याजोगा आहे. काजळ व डिंक यांची शाई पाण्यानें पसरते. बंब घर वांचवील. पोथी वांचवीलच असें नाहीं. म्हणून रुमाल चुलीपासून, देवघराच्या समईपासून व विजेच्या जुन्या तारांपासून दूर ठेवावे, आणि नकला दुसऱ्या घरीं असाव्या.