स्वमग्नांचे उद्रेक : हट्ट कीं यातना?

हट्टाचें रडणें आणि असह्य यातनेचें रडणें हीं दोन्ही दुरून ऐकणाराला सारखींच वाटतात. बाजारांत, लग्नाच्या मांडवांत किंवा आगगाडीच्या डब्यांत एखादें आठ-दहा वर्षांचें मूल अकस्मात् जमिनीवर अंग टाकतें, कान दाबून धरतें, किंचाळतें, जवळ येणाराला ढकलतें, कधीं स्वतःचाच हात चावतें. भोंवतालीं माणसें जमतात. कोणी म्हणतो, "फार लाडावलेलें दिसतें." कोणी सुचवितो कीं, एक चपराक मिळाली म्हणजे ताळ्यावर येईल. आई मान खालीं घालून मुलाला कसेंबसें बाहेर नेते. तें मूल स्वमग्न असेल, तर जमलेल्या मंडळींनीं लावलेला अर्थ अगदीं चुकीचा असण्याचा संभव आहे. आणि चुकीच्या अर्थावरून केलेला उपाय त्या मुलाची यातना वाढविल्यावांचून राहत नाहीं.

'स्वमग्नता' हा शब्द इंग्रजींतील 'ऑटिझम' ह्या शब्दासाठीं मराठींत रूढ झाला आहे. सन १९४३ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरचे बालमनोवैद्य डॉ. लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं, आणि तेव्हांपासून हा शब्द वैद्यकांत स्थिर झाला. स्वमग्नता हा संसर्गानें होणारा रोग नव्हे, किंवा आईबापांच्या वागणुकीचा परिणामही नव्हे. मेंदूची घडण व वाढच निराळ्या रीतीनें झालेली असते, आणि ती स्थिति जन्मभर राहते. कोणा स्वमग्न व्यक्तीला बोलतां येत नाहीं, तर कोणी विद्यापीठांत अध्यापन करितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें सन २०२१ मध्यें जगांतील सुमारें १२७ माणसांमागें एक माणूस स्वमग्न होता. आपल्या देशांत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें ह्या स्थितीची दखल घेतली, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यांत नमूद केलेल्या एकवीस प्रकारांत तिचा समावेश झाला.

'स्वमग्न' ह्या शब्दावरून असा समज होतो कीं, हीं माणसें आपल्याच ठिकाणीं गुंतलेलीं असून बाहेरचें जग त्यांच्यापर्यंत पोहोंचतच नाहीं. कॅनर यांच्या मूळ लेखांत नोंदलेल्या गोष्टी ह्या समजाला छेद देतात. त्या मुलांपैकीं कित्येकांना धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचा, उद्वाहकाचा, नळाच्या वाहत्या पाण्याचा, फार काय, वाऱ्याचाही विलक्षण धसका बसे. गंमत अशी कीं, तेंच मूल स्वतः मात्र हवा तेवढा गोंगाट खुशाल करी. यावरून कॅनर यांनीं ताडलें कीं, आवाज मोठा असणें एवढेंच भीतीचें कारण नाहीं. तो आवाज आपल्यावर चालून येतो, ही खरी भीति आहे. त्याच मुलांना रोजच्या क्रमांत झालेला लहानसा बदलही सहन होत नसे. इंद्रियांवरील आक्रमण आणि ठरलेल्या क्रमाचा भंग हीं दोन कारणें त्याच वेळीं दृष्टीस पडलीं होतीं. पुढें मात्र आईबापांच्या थंडपणावर दोष ठेवण्यांत कित्येक वर्षें फुकट गेलीं. तें मत आतां पूर्णपणें टाकून दिलेलें आहे. अमेरिकन मनोवैद्यांच्या निदानग्रंथांत आवाज, स्पर्श, प्रकाश इत्यादींविषयींच्या अतिसंवेदनेचा किंवा मंदसंवेदनेचा लक्षणांमध्यें समावेश झाला, तो सन २०१३ मध्यें.

ह्या अतिसंवेदनेचें स्वरूप समजण्यास मनगटावरील घड्याळाचें उदाहरण पुरेसें आहे. घड्याळ बांधल्यावर त्याचा पट्टा कांहीं क्षण जाणवतो. पुढें त्याची आठवणही राहत नाहीं. पंख्याची घरघर, रस्त्यावरची वर्दळ, सदऱ्याच्या गळपट्टीचा स्पर्श यांकडे मेंदू अशाच रीतीनें आपोआप दुर्लक्ष करावयास शिकतो. संवयीची ही क्रिया कित्येक स्वमग्न व्यक्तींच्या बाबतींत पुरती घडत नाहीं. लॉस एंजेलिस येथील शूलामाइट ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन २०१५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुलांना कर्णकटु आवाज ऐकविले, खरखरीत लोकरीचा स्पर्श करविला, आणि त्या वेळच्या मेंदूच्या हालचाली टिपल्या. इतर मुलांच्या मेंदूची प्रतिक्रिया पुनरावृत्तीनें ओसरत गेली. अतिसंवेदना असलेल्या स्वमग्न मुलांच्या मेंदूंत, विशेषतः भयाशीं संबंध असलेल्या भागांत, ती तशी ओसरली नाहीं. म्हणजे दहाव्या वेळचा आवाजही त्या मुलाला जवळजवळ पहिल्या वेळेइतकाच बोचतो.

असा बोचरेपणा दिवसभर सांचत जातो. सकाळीं नवा गणवेश टोचला. शाळेची गाडी रोजच्या रस्त्यानें न जातां दुसरीकडून गेली. चित्रकलेचा तास रद्द झाला. डब्याच्या सुटींत शंभर मुलांचा कल्लोळ झाला. कोणी थट्टेनें कांहीं बोललें आणि तिचा अर्थ लागला नाहीं. ह्यांपैकीं एकेक गोष्ट कशीबशी सोसली जाते. संध्याकाळीं पानावर नेहमींच्या वाटीऐवजीं दुसरी वाटी येते, आणि बांध फुटतो. पाहणारे म्हणतात, "वाटीसाठीं एवढा थयथयाट!" वाटी हें केवळ शेवटचें निमित्त असतें. ह्या बांध फुटण्याला इंग्रजींत 'मेल्टडाऊन' म्हणतात. मराठींत त्याला उद्रेक म्हणतां येईल.

उद्रेकाच्या वेळीं आंत काय घडतें, हें ज्यांनीं तो भोगला त्यांच्याकडूनच कळावयाचें. लॉरा लुइस व केली स्टीव्हन्स ह्या दोघी संशोधकांनीं बत्तीस प्रौढ स्वमग्न व्यक्तींना हाच प्रश्न विचारला, आणि त्यांच्या उत्तरांचा गोषवारा सन २०२३ मध्यें प्रसिद्ध केला. माहिती, इंद्रियसंवेदना आणि माणसांतील ताण यांच्या भारानें आपण दबून जातों, असें त्या व्यक्तींनीं सांगितलें. मग राग, दुःख किंवा भय पराकोटीला जातें. विचाराची साखळी तुटते, साधी गोष्टही आठवत नाहीं. स्वतःवरील ताबा सुटूं नये म्हणून धडपड चालते, आणि त्या क्षणीं आपण आपण नाहींच असें वाटतें. कांहीं तरी करून तो दाब बाहेर पडल्यावांचून सुटका होत नाहीं. दुसऱ्यांना इजा होऊं नये म्हणून कित्येक जण आधींच एकांत शोधतात.

हट्ट आणि उद्रेक यांतील भेद येथें स्पष्ट होतो. हट्टाला कांहीं तरी मिळवावयाचें असतें. हट्ट करणारें मूल डोळ्याच्या कोपऱ्यांतून मोठ्यांकडे पाहतें, कोणी लक्ष देत नसेल तर आवरतें घेतें, आणि हवी ती वस्तु मिळतांच शांत होतें. उद्रेकांत सांपडलेल्या मुलाला प्रेक्षकांची शुद्ध नसते. मागितलेली वस्तु हातीं दिली तरी तें थांबत नाहीं; बऱ्याच वेळां तर त्यानें कांहीं मागितलेलेंच नसतें. आमिष आणि धाक ह्या दोहोंचा उपयोग विचार करूं शकणाऱ्या मनावर होतो, आणि तेंच सामर्थ्य त्या वेळीं लोपलेलें असतें.

तथापि सर्वांचे उद्रेक एकाच सांच्याचे नसतात. कोणी ओरडतो, वस्तु फेंकतो. कोणी डोकें भिंतीवर आपटतो. कोणी वाट फुटेल तिकडे धांवत सुटतो, आणि रस्त्यावरील रहदारींत हें धांवणें जिवावर बेतूं शकतें. दुसरा एक प्रकार अगदीं उलट आहे. त्यांत व्यक्ति मिटून जाते. बोलणें थांबतें, नजर स्थिर होते, हातपाय जड होतात, हांक ऐकूं येते पण उत्तर देतां येत नाहीं. ह्या मूक अवस्थेला 'शटडाऊन' असें नांव आहे. ती कोणाला त्रास देत नाहीं, म्हणून पुष्कळदां कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. अशा मुलाला घुमें किंवा उर्मट ठरवून लोक मोकळे होतात.

कांहीं मुलें शाळेंत दिवसभर शांत व आज्ञाधारक असतात आणि घराचा उंबरठा ओलांडतांच कोसळतात. शिक्षक सांगतात, "आमच्याकडे कांहींच तक्रार नाहीं," आणि दोष घराच्या वळणावर येतो. वस्तुतः त्या मुलानें चार लोकांसारखें दिसण्यासाठीं दिवसभर मोठा आटापिटा केलेला असतो, आणि घर हें कोसळण्यास निर्भय असें एकच ठिकाण त्याला ठाऊक असतें. मुलींमध्यें हा मुखवटा विशेष आढळतो. त्यांचें निदान उशिरां होण्याचें तें एक कारण आहे.

एकाच माणसाच्या आयुष्यांतही उद्रेकाचें रूप पालटतें. अमेरिकेंतील पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन यांचा जन्म १९४७ चा. लहानपणीं त्यांना बोलतां येत नसे, तेव्हां किंचाळणें हाच सांगण्याचा एक मार्ग त्यांच्यापाशीं होता, असें त्यांनीं पुढें लिहिलें. शाळेच्या घंटेनें त्यांना दांताच्या शिरेंत यंत्र घातल्यासारखी वेदना होई. मिठी मारलेली सोसत नसे, पण शरिराला घट्ट दाब मात्र हवाहवासा वाटे. म्हणून तरुणपणीं त्यांनीं स्वतःला हवा तेवढाच दाब देणारें एक यंत्र बनविलें. वसतिगृहाच्या शाळेंत मारामारी केल्याबद्दल घोड्यावर बसण्याची मनाई झाली, तेव्हांपासून त्यांचा राग रडण्याच्या वाटेनें बाहेर पडूं लागला. ताण तोच राहिला, वाट तेवढी बदलली.

शरिराच्या आंतील संवेदनाही ह्या प्रकरणांत विसरतां कामा नयेत. भूक, तहान, ताप किंवा दुखणें कित्येक स्वमग्न व्यक्तींना वेळेवर ओळखतां येत नाहीं, किंवा ओळखलें तरी सांगतां येत नाहीं. न बोलणाऱ्या मुलाचे उद्रेक एकाएकीं वाढले, तर स्वभावाची चिकित्सा करण्यापूर्वीं दांत, कान आणि पोट यांची तपासणी डॉक्टरांकडून करून घेणें अगत्याचें आहे.

प्रत्यक्ष उद्रेकाच्या वेळीं करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. प्रथम सुरक्षितता पाहावी. टोंकदार व जड वस्तु दूर कराव्या, गर्दी हटवावी. दिवा मंद करावा, रेडिओ किंवा टेलिव्हिजन बंद करावा. बोलणें कमी करावें, "काय झालें? असें कां करतोस?" ह्या प्रश्नांचा मारा त्या वेळीं आणखी एका गोंगाटासारखाच असतो. अंगाला हात लावावा कीं नाहीं, हें व्यक्तीवर अवलंबून आहे. एकाला घट्ट पांघरुणानें बरें वाटतें, दुसऱ्याला बोटाचा स्पर्शही पोळतो. जिवाला धोका असल्याखेरीज बळजबरीनें धरून ठेवूं नये. जवळ एका शांत माणसानें बसावें आणि वेळ जाऊं द्यावा. शिक्षा तर मुळींच करूं नये. उद्रेक ओसरल्यावर व्यक्ति गळून जाते, कधीं झोपी जाते. घडलेलें अर्धवट आठवतें आणि लाज मात्र पुरती वाटते. त्या लाजेवर उपदेशाची भर घालण्याचें कारण नाहीं.

खरें काम दोन उद्रेकांच्या मधल्या दिवसांत व्हावयाचें असतें. कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कशानंतर उद्रेक झाला, आदल्या रात्रीं झोप कशी होती, याची टीप महिनाभर वहींत ठेविली, तर पुष्कळदां त्या व्यक्तीपुरता कांहीं नियम हातीं लागतो. एका घरीं कुकरची शिट्टी हें कारण निघतें, दुसऱ्या घरीं पाहुण्यांचें न सांगतां येणें. महाराष्ट्रांतील शहरांत गणपतीच्या मिरवणुकीचे ढोलताशे आणि दिवाळीचे फटाके हे अशा मुलांच्या कसोटीचे दिवस होत. कानावर आवाज रोखणारीं साधनें, बसावयाची एक शांत खोली, आणि काय केव्हां होणार याचें आधींच चित्र काढून दिलेलें वेळापत्रक यांनीं हे दिवस सुसह्य होऊं शकतात. येरझारा घालणें, हात झटकणें, एकच शब्द पुटपुटणें हीं कित्येकांच्या बाबतींत पूर्वसूचना असतात. ह्या हालचाली ताण उतरविण्याचा त्या व्यक्तीचाच प्रयत्न असल्यामुळें त्या अडवूं नयेत. त्या पाहून गर्दींतून बाहेर पडावें. बोलूं शकणाऱ्या व्यक्तीला, मग ती सहा वर्षांची असो कीं चाळिशींतली, शांत वेळीं विचारावें कीं, त्या वेळीं काय हवें असतें आणि काय नको असतें. तिचें उत्तर पुस्तकांतील सल्ल्याशीं जुळलें नाहीं, तर उत्तरच प्रमाण मानावें.

एवढें सर्व केल्यानें उद्रेक समूळ थांबतील, अशी आशा कोणी धरूं नये. ते विरळ होतात, लवकर ओसरतात, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यामागून येणारा मार आणि अपमान टळतो. शेजारीपाजारी व नातलग यांना घरच्या मंडळींइतकें शिकण्याची गरज नाहीं. रस्त्यांत असें मूल दिसलें, तर घोळका न करणें, आईला सल्ला न देणें, आणि "थोडी जागा मोकळी करूं का?" एवढेंच हळू आवाजांत विचारणें, हें त्यांच्या हातचें आहे.