सहा पायांचा ‘कोळी’

दिवाळीच्या तोंडावर तुम्ही माळा झाडायला काढता. जुनी पोती हलवली, की खालून ज्वारीच्या दाण्याएवढा, तांबूस, मण्यासारखा चकचकीत जीव लांब पाय टाकीत पळतो. कोळ्याचे पिल्लू समजून तुम्ही त्याला सोडून देता. पण पुढच्या वेळी जरा त्याचे पाय मोजा. कोळ्याला आठ पाय असतात, याला सहाच. पुढे हलतात त्या मिशा. हा कोळी नव्हे, भुंगेरा आहे. शास्त्रज्ञ त्याला गिबियम म्हणतात. हळकुंडे आणि धने पोखरणारे बारीक किडे याच्याच कुळातले.

याला अंधार आवडतो. पोत्यांच्या तळाशी, भिंतीच्या भेगांत, उंदरांच्या बिळांत नि पाखरांच्या घरट्यांत हा राहतो आणि रात्री बाहेर पडतो. सांडलेले पीठ, कोंडा, मेलेले किडे, लेंड्या, लोकर, काहीही त्याला चालते.

याच्या पाठीवरची कवचे एकमेकांना सांधलेली असतात आणि आत उडायचे पंखच नसतात. तरी तो जगभर पोचला, तो आपल्याच पोत्यांतून नि गलबतांतून. इजिप्तचा राजा तुतनखामेन याची सुमारे 3300 वर्षांपूर्वीची कबर 1922 साली उघडली, तेव्हा आतल्या भांड्यांतही गिबियम सापडला. त्याच्या दोन जाती फार काळ एकच मानल्या जात. 1985 साली बेलेस आणि हॉल्स्टेड या अभ्यासकांनी त्या नीट वेगळ्या केल्या. एक भूमध्य समुद्राच्या आसपास आणि पश्चिम आशियात आढळते, तर दुसरी आपल्यासारख्या उष्ण मुलखांत सगळीकडे पसरली आहे.

मग या जिवाला जपायला हवे काय? मुळीच नाही. माणूस साठवण करील तोवर याला मरण नाही. जपायचे ते याचे रानातले भाऊबंद. कॅनरी बेटांवर याच कुळातल्या अशा जाती आहेत, ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. तिथले रान गेले, तर त्यांना दुसरे घर नाही.

घरातला गिबियम मात्र तुम्हाला एक निरोप देतो : कोपऱ्यात सांडलवंड साचली आहे, जवळपास उंदराचे बीळ असेल. त्याला पाहून घाबरू नका आणि धान्यात घालायच्या विषारी गोळ्या तर राहत्या घरात आणूच नका. त्यांच्या वायूने झोपेत माणसे दगावली आहेत. त्यापेक्षा पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवा. जुनी पोती उलटी करून झटका, कडक उन्हात वाळवा. भेगा नि बिळे लिंपून घ्या. केर कणगीमागे न लोटता घराबाहेर न्या.

सांडलवंड संपली, की या पाहुण्याचे दाणापाणीही संपते.