कपात आणि वजावट : पोटठेकेदाराच्या कराचा हिशेब

करोंद मंडीत माल उतरवून घेणारा हमालांचा मुकादम किंवा गोण्या पोहोचविणारा मोटारमालक हा बहुधा पगारी नोकर नसून ठेकेदार अथवा पोटठेकेदार असतो. बिलाची रक्कम कर कापून हाती आली की, ‘कापले ते गेले’ अशी त्याची समजूत होते. ही समजूत खरी नव्हे. तिच्यापायी कष्टाचे पैसे सरकारात पडून राहतात. याकरिता ‘कपात’ व ‘वजावट’ यांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

कपात म्हणजे पैसे देणाऱ्याने घेणाऱ्याच्या नावे सरकारात भरलेला आगाऊ कर. ठेकेदारांसाठी ही तरतूद १९७२ साली कलम १९४ सी म्हणून आली. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात ती कलम ३९३ मध्ये आहे. एक बिल ३०,००० रुपयांहून किंवा वर्षाची एकूण रक्कम १ लाखाहून अधिक झाल्यास व्यक्ती वा अविभक्त कुटुंबास शेकडा १ आणि इतरांस शेकडा २ या दराने कर कापतात. पॅन न दिल्यास हाच दर शेकडा २० होतो. दहा वा कमी मालमोटारी असणाऱ्याने पॅनसह तसे लेखी दिल्यास त्याच्या भाड्यातून कपात होत नाही.

वजावट ही याहून निराळी. धंद्याकरिता केलेली मजुरी, डिझेल, दुरुस्ती, कर्जावरील व्याज व वाहनाचा घसारा उत्पन्नातून वजा होतो. घरखर्च होत नाही. कर बिलावर नसून उरलेल्या नफ्यावर असतो.

समजा, मुकादमाची वर्षाची बिले ६ लाखांची झाली. कपात ६,००० रुपये. हमालांची मजुरी ४,५०,००० व किरकोळ खर्च ३०,००० वजा जाता नफा १,२०,००० राहिला. दुसरे उत्पन्न नसेल तर कर शून्य, आणि विवरणपत्र मुदतीत भरल्यास ६,००० रुपये परत मिळतात. न भरल्यास मिळत नाहीत. वह्या ठेवणे अवघड वाटल्यास उलाढालीच्या शेकडा ८, व बँकेमार्फत आलेल्या रकमेवर शेकडा ६, नफा धरण्याची सवलत आहे. मात्र मग खर्चाची निराळी वजावट नाही, आणि दलालीच्या उत्पन्नास ती लागू नाही.

व्यापारी बंधूंनीही दक्ष राहावे. कपात बंधनकारक असता न केल्यास त्या खर्चाच्या शेकडा ३० भागाची वजावट आपणांस नाकारली जाते. तसेच नोकरास कागदोपत्री ठेकेदार म्हटल्याने तो ठेकेदार होत नाही. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरावरील आगरी उक्त्या दराने पैसे घेत असूनही कामगारच आहेत, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली कायम केला. काम कसे करावे यावर ताबा कोणाचा, हे तेथे पाहिले गेले.

कापलेली रक्कम वेळेवर भरून तिचे प्रमाणपत्र मुकादमाच्या हाती द्यावे आणि विवरणपत्र भरण्यास आपल्या मुनिमाने त्यास साहाय्य करावे. दुसऱ्याचे पैसे आपल्या हातून कापले जातात, तेव्हा ते त्यास परत मिळतील इतकी काळजी घेणे हेही चोख व्यवहाराचेच अंग होय.