रविवारची साइट व्हिजिट आणि बाबांची फाइल

मिहानमध्ये जॉब, बँकेत प्री-अप्रूव्ड लोन आणि डोक्यात 'आपला स्वतःचा प्लॉट'. नागपुरातल्या प्रत्येक तिशीच्या आतबाहेरच्या माणसाचं हे सध्याचं स्वप्न. पण चेक फाडण्याआधी घरातली एक जुनी फाइल उघडून बघितलीत का?

रविवारची सकाळ. नाश्त्याला तर्री पोहे झालेले. माझ्या मैत्रिणीला न्यायला डेव्हलपरची एसी गाडी दारात उभी. 'फ्री साइट व्हिजिट, येण्या-जाण्याची सोय' असा मेसेज तिला आठवड्यात चार वेळा येऊन गेला होता. ती मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे. पगार बरा, लग्नाचा विचार दोन वर्षांनी. आई-बाबांचा आग्रह एकच, "गाडी नंतर घे, आधी जागा घे." सोबत म्हणून मी गेले.

वर्धा रोड सोडून गाडी आत वळली. आधी डांबर संपलं, मग मुरूम संपला. पुढे एक भलीमोठी कमान, तिच्यावर राजवाड्यासारखं नाव आणि आत... शेत. तुरीची खुंटं अजून जागेवर होती. त्यामधून चुन्याच्या पांढऱ्या रेषा ओढलेल्या. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात एकेक खुंटी आणि तिच्यावर लाल रंगात नंबर.

एजंट मोठा गोड माणूस. समोसे आले, कोल्ड्रिंक आलं. मग गुळगुळीत ब्रोशर आलं. त्यात हिरवंगार गार्डन, जॉगिंग ट्रॅक आणि झोपाळ्यावर बसलेली दोन गोरी मुलं. मैत्रीण हुशार. तिनं सरळ विचारलं, "एनए झालंय? आरएल आहे?"

"टेन्शन नका घेऊ मॅडम," तो हसत म्हणाला, "आरएल येऊनच राहिली समजा. तुम्ही आज टोकन दिलं तर जुन्या रेटनं देतो."

माझ्या पोटात गोळा आला. कारण हेच वाक्य १९९६ मध्ये माझ्या बाबांनी ऐकलं होतं.

लेआऊट नावाचा नागपुरी प्रकार

मुंबईत भांडण फ्लॅटचं असतं, पुण्यात सोसायटीचं. नागपुरात मात्र शब्द एकच, लेआऊट. पत्ता विचारला तर 'अमुक लेआऊट, हनुमान मंदिराजवळ' असंच उत्तर येतं. हा लेआऊट कायद्यानं मंजूर आहे की नाही, यावरूनच या शहरातली घरांची निम्मी भांडणं होतात.

शहराची आखणी करायला १९३६ मध्ये नागपूर सुधार प्रन्यास आलं, आपलं 'नासुप्र'. महानगरपालिका झाली १९५१ मध्ये. एका शहरात दोन संस्था. त्यामुळे रस्ता कोणाचा, नाली कोणाची, नकाशा कोण पास करणार, हे सामान्य माणसाला आजही चटकन सांगता येत नाही. त्यात १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन सरकारजमा होण्याची भीती. मग शहराला लागून असलेल्या शेतांचे तुकडे पडू लागले. मधे एखादी गृहनिर्माण संस्था, हातात पावती पुस्तक, दरमहा हप्ता. घेणारे कोण? क्लर्क, मास्तर, गिरणी कामगार, एसटीचे कंडक्टर. मंजूर लेआऊटमधला प्लॉट त्यांच्या खिशाबाहेर होता. परवडत होतं ते हेच.

अशी घरं इतकी झाली की ती पाडणं कोणत्याच सरकारला शक्य नव्हतं. म्हणून मग नियमितीकरण. नागपुरात '५७२' आणि '१९००' हे नुसते आकडे नाहीत, ती अख्ख्या वस्त्यांची ओळख आहे. "तुमचा लेआऊट ५७२ मधला की १९०० मधला?" हा प्रश्न इथे सोयरीक जुळवतानासुद्धा विचारला जातो! २००१ मध्ये राज्यानं गुंठेवारी कायदा केला. १ जानेवारी २००१ पर्यंत पडलेले तुकडे विकास शुल्क भरून नियमित करून घेण्याची सोय त्यात झाली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एवढ्याशा जमिनीसाठी केलेला कायदा, म्हणून गुंठेवारी. नियमित झाल्याचं जे पत्र मिळतं तेच ते आरएल, म्हणजे रेग्युलरायझेशन लेटर. बँकेचं कर्ज, नकाशाची मंजुरी, विक्री, सगळ्या वाटा त्या एका कागदावर येऊन थांबतात.

बाबांची फाइल

आमच्या घरी गोदरेजच्या कपाटात, आईच्या शालूच्या खाली, एक हिरवी फाइल आहे. बाबा सरकारी ऑफिसात क्लर्क होते. मानेवाड्याच्या बाजूला पंधराशे फुटांचा प्लॉट त्यांनी साठ हजारांत घेतला. तीन वर्षं हप्ते भरले. फाइलमध्ये त्या सगळ्या पावत्या आहेत, स्टेपल केलेल्या, तारखेनुसार लावलेल्या. सोसायटीचा अमोनिया प्रिंटचा निळसर नकाशाही आहे. त्यात मधोमध एक चौकोन आहे आणि आत लिहिलंय, 'खुली जागा (बगीचा)'.

त्या बगीच्यासाठीच आईनं हा प्लॉट पसंत केला होता.

आम्ही राहायला गेलो तेव्हा वीज होती, पाणी बोअरचं, रस्ता मातीचा. पावसाळ्यात बाबा चपला पिशवीत घालून मेन रोडपर्यंत जायचे आणि तिथे पाय धुऊन बस पकडायचे. बगीच्याच्या जागेवर गवत होतं, आम्ही पोरं तिथे क्रिकेट खेळायचो. आणि एक दिवस तिथे विटांचा ट्रक उतरला. संस्थेनं ती खुली जागा तीन तुकडे करून तिघांना विकली होती.

मग सुरू झालं युद्ध. लेआऊटमधल्या लोकांनी अर्ज केले, सह्यांची मोहीम काढली. त्या तीन कुटुंबांना पाण्याच्या टँकरवरून टोमणे मारले. हळदीकुंकवाचे दोन गट पडले. त्यातल्या एका घरची मुलगी माझ्या वर्गात होती. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो आणि लेआऊटमध्ये शिरलो की एकमेकींना ओळख दाखवायचो नाही. कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप कळलं होतं.

पुष्कळ वर्षांनी तिच्या वडिलांनी त्यांची फाइल बाबांना दाखवली. त्यात तशाच पावत्या होत्या. त्याच संस्थेच्या, त्याच शिक्क्याच्या, तशाच तारखेनुसार स्टेपल केलेल्या. फक्त त्यांच्या नकाशात बगीचाच नव्हता. तिथे तीन प्लॉट होते. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दहा वर्षं आपण ज्यांना चोर म्हणत होतो, तेही आपल्यासारखेच फसलेले होते. खरा विकणारा तर केव्हाच ऑफिस बंद करून निघून गेला होता.

आमची आरएल आली २००८ मध्ये. बाबांनी पेढे वाटले. पहिला डबा त्यांनी त्याच घरी नेला. बगीचा मात्र आला नाही, तो येणारही नाही. नियमितीकरण कागद दुरुस्त करतं, विकून गेलेली मोकळी जागा परत आणत नाही.

कागद पक्का, तरी...

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, आम्ही मंजूर लेआऊटमध्येच घेऊ. उत्तम! पण तेवढंही पुरत नाही.

२०१७ चा उन्हाळा आठवतो? सुगत नगर भागातल्या एका टाउनशिपला लागून गेलेल्या हाय टेन्शन लाइनचा शॉक लागून दोन जुळे भाऊ गेले. सगळं शहर हादरलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली आणि तारांच्या खाली, तारांच्या शेजारी किती घरं उभी आहेत याची मोजदाद सुरू झाली. तार आधी होती की घर आधी, परवानगी कोणी दिली, अंतर कोणी सोडलं नाही, या वादात प्रत्येक खात्याचं बोट दुसऱ्या खात्याकडे होतं.

आणि २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट? काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि नाग नदी घरांत शिरली. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर. हे काही कालपरवाचं अनधिकृत प्लॉटिंग नाही, नागपुरातल्या जुन्या, महागड्या वस्त्या आहेत. हजारो घरांत पाणी घुसलं, माणसं दगावली, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. रहिवासी कोर्टात गेले. सांडव्याजवळचा पुतळा, नदीच्या पात्राला खेटून झालेली बांधकामं, नाल्यावरचे स्लॅब, यावर सुनावण्या झाल्या. इथल्या लोकांचे कागद पक्के होते. पण पाणी कागद बघून येत नाही, ते उताराकडे बघून येतं.

तारखांचा खेळ

नियमितीकरणाची बाजू मी समजू शकते. ते झालं नसतं तर आमच्या डोक्यावर छप्परच नसतं. परवडणारी घरं वेळेवर बांधली गेली नाहीत, म्हणून लोकांनी स्वतःची सोय केली. त्यांच्या घरावर बुलडोझर नेणं सोपं, पण त्यांना पावती देणाऱ्याला शोधणं अवघड.

पण दुसरी बाजूही बघा. २००१ च्या कायद्यातली शेवटची तारीख २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. २०२५ मध्ये शहरी भागातल्या छोट्या तुकड्यांसाठी तुकडेबंदी कायदाही सैल झाला. जुन्या घरांना त्यातून दिलासा मिळाला हे खरं. एजंटच्या हातात मात्र त्यातून वाक्य आलं, "आज ना उद्या सरकार रेग्युलर करतेच मॅडम." प्रत्येक नवी तारीख पुढच्या फसवणुकीची जाहिरात होऊन बसते.

आणि वारं उलटंही फिरतंय. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं, की बांधकाम जुनं झालं किंवा त्यावर पैसा खर्च झाला म्हणून ते आपोआप कायदेशीर ठरत नाही, आणि बँकांनीही मंजुरीचे कागद तपासूनच कर्ज द्यावं. म्हणजे बाबांना मिळाली तशी सवलत आपल्याला मिळेलच, हे गृहीत धरू नका. बाबांकडे पर्याय कमी होते, माहितीही कमी होती. आपल्या मोबाइलमध्ये मात्र सातबारा उघडतो!

टोकन देण्याआधी एवढं कराच

• सातबारा किंवा आखीव पत्रिका स्वतः काढा. मौजा, खसरा क्रमांक आणि विकणाऱ्याचं नाव जुळतंय का बघा. एजंटनं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे पुरावा नव्हे.

• महारेरा नंबर मागा. २०१७ पासून ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचं प्लॉटिंगही नोंदणीशिवाय विकता येत नाही, त्याची जाहिरातसुद्धा करता येत नाही. नंबर वेबसाइटवर टाकून बघा, मंजूर नकाशा तिथेच सापडेल.

• जागा कोणाच्या हद्दीत येते ते विचारा. मनपा, नासुप्र, की २०१७ मध्ये आलेलं एनएमआरडीए? मंजुरी त्याच संस्थेची हवी. ग्रामपंचायतीचा ठराव दाखवून गप्प बसवतील, बसू नका.

• विकास आराखड्यात ती जागा निवासी आहे की शेती, की आरक्षणात, हे तपासा.

• पॉवर ऑफ अॅटर्नी आणि स्टॅम्प पेपरवरच्या करारानं मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगितलंय. रजिस्टर्ड विक्रीपत्रच हवं.

• एकदा भर पावसात जा. नाला कुठून वाहतो ते बघा. मान वर करून तारा बघा.

• 'आरएल येऊनच राहिली' असं ऐकलं, की म्हणा, "मग आल्यावरच भेटू."

पुन्हा एक रविवार

मैत्रिणीनं त्या दिवशी टोकन दिलं नाही. पण तिचा जीव त्या जागेत अडकला होता. रेट खरंच बरा होता, ऑफिस जवळ होतं. पुढच्या शनिवारी ती आमच्याकडे आली आणि ब्रोशर बाबांसमोर ठेवलं. बाबांनी चष्मा लावून ते खूप वेळ बघितलं. किंमत नाही विचारली, बिल्डरचं नावही नाही.

"याच्यात बगीचा कुठं दाखवला बेटा?" त्यांनी विचारलं.

तिनं बोट ठेवलं. सहाव्या आणि सातव्या रस्त्याच्या मधे, हिरवा चौकोन.

"तर मग उद्या तिथं जाऊन उभी राह्य," बाबा म्हणाले, "अन् खाली पाह्य."

रविवारी आम्ही दोघी स्कूटीवरच गेलो, एजंटला न सांगता. चुन्याच्या रेषा मोजत मोजत सहावा रस्ता ओलांडला. ब्रोशरमधली झोपाळ्यावरची मुलं जिथे बसली होती, बरोबर तिथे पोचलो. तिथेही खुंटी होती. तिच्यावर लाल रंगात नंबर होता, ४१.